दोरीचं दुसरं टोक

तीर्थस्वरूप दादा यांना,

शिरसाष्टांग नमस्कार. (दोन्ही गुडघे संपावर गेल्यामुळे तूर्त आठांपैकी सातच अंगांनी करत आहे. आठवं अंग कामावर रुजू झालं की उरलेला नमस्कार समक्ष घालीन.) आम्ही उभयता इकडे सुखरूप आहोत. तुमचा खांदा आता कसा आहे? वहिनींना नवा चष्मा लागला म्हणे. त्यातून त्यांना तुम्ही कसे दिसता ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही, म्हणजे बरे दिसत असाल. घरामागच्या ओढ्यावर तुम्ही स्वतःच्या हातांनी लाकडी साकव बांधलात हेही कळलं. जन्मभर मोठमोठ्या नद्यांवर पूल टाकलेल्या इंजिनियरला ओढा म्हणजे विरंगुळाच. त्यावरून अजून तुम्ही एकटेच ये-जा करता आणि वहिनी वळसा घालून जातात, एवढं मात्र कानावर आलं आहे.

पत्राचं निमित्त अगदी किरकोळ आहे. तुमच्यासाठी एक कोट शिवायला घेतो आहे. राखाडी रंगाचं, चांगलं दणकट कापड आहे. तुमचं माप माझ्या वहीत आहे, पण ते आहे सहा वर्षांपूर्वीचं. या वयात माणूस उंचीला आटतो आणि मध्ये पसरतो (मी पन्नास वर्षं शिंपीकाम करतोय, मला कुणी फसवू शकत नाही, आरसासुद्धा नाही), तेव्हा खांदा, छाती आणि बाहीची लांबी तेवढी उलट टपाली कळवा. वहिनींकडून मोजून घ्या. स्वतःचं स्वतः मोजू नका. स्वतःचं पोट मोजताना भल्याभल्यांच्या हातातली टेप सैल पडते.

काम एवढंच होतं. पण कागद निम्मा उरला आहे आणि कोरा कागद पाठवणं मला कापड वाया घालवल्यासारखं वाटतं, म्हणून तुमच्या बहिणीची थोडी खबर देतो. (तुम्ही विचारलेली नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्ही सहा वर्षांत तिची विचारली नाहीत, तिनं तुमची विचारली नाही. मात्र दर रविवारी वहिनींचा फोन येऊन गेला की ती माझ्यासमोरचं कपाट आवरायला घेते, आणि मी तुमचं नाव काढेपर्यंत ते कपाट काही आवरून होत नाही.) तर खबर अशी की येत्या महिन्याच्या बारा तारखेला ती निवृत्त होते आहे. चौतीस वर्षं झाली. लोक विचारतात, बाई काय करतात, आणि मी सांगतो, जुन्या काळच्या विज्ञानाचा इतिहास लिहितात. त्यावर समोरचा "अरे वा" म्हणतो आणि पँटची उंची थोडी कमी करा म्हणून विषय बदलतो. मलाही सुरुवातीला फार काही कळत नव्हतं. पण इतकी वर्षं एका छपराखाली काढल्यावर माणसाला काहीतरी कळतंच, निदान काय कळत नाही ते तरी.

आमची गाठ कशी पडली हे तुम्हाला कुणी नीट सांगितलंच नसेल, कारण लग्नात तुम्ही जेवलात आणि निघालात. ती माझ्या दुकानात कोट शिवायला आली होती. आत सात खिसे हवे होते: पेन्सिलींचा, भिंगाचा, मोजपट्टीचा, चिठ्ठ्यांचा आणि बाकीचे तीन "पुढे लागतील तसे". तेव्हा ती कुठल्या तरी आठशे वर्षांपूर्वीच्या पोथीत बुडालेली होती, त्यामुळे खिशांची मापं तिनं अंगुळांत, म्हणजे बोटांच्या रुंदीत, सांगितली. इतकी अंगुळं रुंद, तितकी अंगुळं खोल. मी वही उघडली आणि सरळ विचारलं, कुणाची अंगुळं? तुमची की माझी? दादा, तुमची बहीण काउंटरवर कोपर टेकून माझ्याकडे बघतच राहिली. नंतर तिनं सांगितलं की हा प्रश्न पडायला तिच्या गुरूंना अकरा वर्षं लागली होती. मला तर तो दर ग्राहकामागे पडतो. तीन महिन्यांनी आमचं लग्न झालं. कोट अजून वापरात आहे आणि "पुढे लागतील तसे" ठेवलेले खिसेही भरले आहेत.

तिला नोकरी कशी मिळाली तेही सांगतो. मुलाखत घ्यायला तिघे बसले होते आणि तिघांनीही एकच प्रश्न विचारला: याचा उपयोग काय? हिनं त्यातल्या एकाच्या मनगटावरचं घड्याळ मागून घेतलं, टेबलावर ठेवलं, आणि त्याच्या मागे कितीजणांच्या चुका उभ्या आहेत ते पाणी, वाळू आणि सावलीपासून सांगायला सुरुवात केली. चाळीस मिनिटं झाली. तिचं म्हणणं, जेवायची सुट्टी झाली म्हणून त्यांनी होकार दिला. माझं तसं मत नाही. घड्याळवाल्या गृहस्थांनी पुढे माझ्याकडून चार सूट शिवून घेतले आणि प्रत्येक वेळी ते व्याख्यान मला पुन्हा ऐकवलं. (तिच्यासारखं नाही जमत त्यांना.) संस्थेनं आधी तिला खिडकीची खोली दिली, मग ती काढून लिफ्टच्या यंत्राशेजारची दिली, आणि शेवटी शरीरशास्त्रवाल्यांच्या अडगळीत एका सांगाड्याच्या जोडीला बसवलं. दुसरी कुणी असती तर अर्जांवर अर्ज केले असते. हिनं सांगाड्याच्या खांद्यावर आपला कोट टांगला आणि कामाला लागली. कोट मीच शिवलेला असल्यामुळे सांगतो, त्यालाही चांगला बसतो. विद्यार्थी पहिल्या वर्षी अकरा होते, मग चार, मग एकच, आणि तोही खोली थंड असते म्हणून यायचा. तो आज दूर कुठेतरी स्वतः प्राध्यापक आहे आणि दर आठवड्याला फोन करून हिचं डोकं खातो. फोन ठेवल्यावर ही तास-दीड तास गुणगुणत असते.

तिनं तीन भाषा शिकून घेतल्या आहेत. तिन्ही बोलणारी माणसं कधीच मरून गेली, त्यामुळे आमची बाई आता तीन जास्तीच्या भाषांमध्ये गप्प बसू शकते. आमचं भांडण झालं की त्यांतली एखादी ती निवडते. पण खरा त्रास भाषांचा नव्हे. पोथीत जे लिहिलंय ते करून बघितल्याशिवाय ती लिहीत नाही, हा खरा त्रास आहे. बाकीचे विद्वान वाचतात आणि लिहितात. ही वाचते, मग माझ्याकडे बघते, मग लिहिते. पाण्याच्या घड्याळाची कृती सापडली तेव्हा घरातल्या सर्वांत चांगल्या वाटीच्या बुडाला मी माझ्या हातांनी भोक पाडलं. ती वाटी पाण्यावर ठेवायची, हळूहळू भरून बुडाली की झाली एक वेळ. तीन महिने आमच्या घरी अंडी वाटीच्या वेळेवर उकडली गेली. एके दिवशी वाटी बुडायची वाट बघता बघता मला डुलकी लागली, नळ चालूच राहिला, आणि खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर छत्री उघडून वर आले. जिन्यात नव्हे, त्यांच्या स्वतःच्या बैठकीत उघडलेली छत्री तशीच घेऊन. दुसऱ्यांदा जुन्या शाईची कृती होती. त्या दिवशी एका न्यायाधीशांचा पांढरा शर्ट बादलीत भिजत होता आणि मला वाटलं ते बादलीतलं काळं पाणी म्हणजे... असो. न्यायाधीश दिलदार निघाले. हिनं त्यांना शाईची सगळी हकीकत सांगितली आणि ते तो शर्ट तसाच घरी घेऊन गेले. आठ वर्षं झाली, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे रंग अजून उतरलेला नाही. तेव्हा कृती खरी होती हे सिद्ध झालं. त्या लेखाच्या तळटीपेत न्यायाधीशांच्या शर्टाचा उल्लेख आहे. माझा नाही.

हे तळटीपेचं तुम्हाला समजावून सांगायला हवं. त्यांच्या धंद्यात कौतुक करायची रीत अशी आहे की पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, मुंगीला चष्मा लागेल एवढ्या टाइपात तुमचं नाव घालायचं. वर मजकुरात नाव आलं तर समजावं की तुमची चूक काढली आहे. तळाशी आलं तर तुम्ही तरलात. आणि दुसरी सवय पेन्सिलीची. हस्तलिखितांच्या खोलीत शाईचं पेन न्यायला बंदी, त्यामुळे जन्मभर पेन्सिलच हातात राहिली आणि घरीही आली. वाणसामानाची यादी, दुकानाची पाटी, माझी वही, सगळ्यांवर समासात बारीक दुरुस्त्या असतात. मी आता त्यातून एक फायदा काढला आहे. एखादी गोष्ट खरी की खोटी हे ठरवायचं असलं की मी ती लिहून टेबलावर ठेवतो. ज्या ओळीला पेन्सिल लागत नाही ती खरी.

आता मुख्य माणसाकडे येतो. गेली तीस वर्षं आमच्या घरात आम्ही तिघं राहतो: ती, मी आणि सावलीवाला. सावलीवाला हे मी ठेवलेलं नाव, कारण त्याचं खरं नाव पोथीवर नाही. आठशे वर्षांपूर्वी कुठल्याशा चौकात एक दगडी खांब होता आणि हा गृहस्थ रोज भर दुपारी त्या खांबाची सावली दोरीनं मोजून लिहून ठेवायचा. एकोणीस वर्षं. रोज एक आकडा. ऊन नसलं तर तसं लिहायचा, आजारी असला तर तसं लिहायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोरी घेऊन हजर. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारणारही नव्हतं. हिनं ते सगळे आकडे एकेक करून उतरवून घेतले. मी शिलाई मारत असलो की ती शेजारी बसून ते मोठ्यानं वाचायची, आणि खरं सांगतो दादा, पहिली दोन-चार वर्षं मला त्या माणसाचा मत्सर वाटायचा. नवऱ्यानं रोज काय केलं याची कुणी इतकी चौकशी करत नाही.

या आकड्यांत एक मेख होती. दर वर्षी चार दमट महिने सावल्या जरुरीपेक्षा थोड्या लांब निघायच्या. शंभर हातांना तीन हात, इतपत. आता उत्तरेला जावं तसा दुपारचा सूर्य खाली दिसतो, म्हणून सावली लांब म्हणजे माणूस उत्तरेकडे सरकलेला. त्यावरून हिनं अनुमान काढलं की सावलीवाला ते चार महिने वर उत्तरेला, दुसऱ्या गावी मुक्कामाला जायचा, आणि तिथेही तस्साच खांब, तस्साच चौक, म्हणजे चक्क दुसरी वेधशाळा होती. याच शोधानं तिचं नाव झालं. पाठ्यपुस्तकांत आलं. कुणी तरी विचारलं, दोन ठिकाणी अगदी एकसारखे खांब कसे, तर तिनं चाळीस पानांचं असं उत्तर दिलं की विचारणाऱ्यानं विषयच बदलला. वर उत्तरेला जाऊन तिनं एक पडका चौथराही शोधून काढला. त्याचा फोटो आमच्या बैठकीत आहे. तुम्ही तो पाहिलेला आहे. त्याच्याखालीच बसून तुम्ही ते बोललात.

ते काय बोललात ते मी विसरलेलो नाही, कारण माझ्या तोंडात घास होता आणि तो तसाच राहिला. तुम्ही म्हणालात, "चार महिने नुसती सावली मोजायला कोण उठून परगावी जातो? त्याला काय घरदार नव्हतं? ही सगळी दंतकथा आहे, प्रश्नपत्रिके!" (लहानपणचं नाव. ती प्रश्न फार विचारायची म्हणून तुम्हीच ठेवलेलं.) त्यावर ती म्हणाली, पूल बांधणाऱ्यांनी पुलाखालून वाहून गेलेल्या पाण्यावर मतं देऊ नयेत. तुम्ही म्हणालात, इंजिनियरिंग अर्धवट सोडून मेलेल्या माणसांच्या चुका मोजत बसलीस, त्याचं हे असं होतं. मग ती त्या तीन भाषांपैकी एकीत गप्प बसली, तुम्ही टोपी घेतलीत, आणि तेव्हापासून मी आणि वहिनी दर रविवारी फोनवर दोन्ही सरकारांचे राजदूत म्हणून काम करतो आहोत.

दादा, आता जरा खुर्चीत नीट बसून वाचा. तुमचं बरोबर होतं.

मागच्या महिन्यात ती निरोपाच्या व्याख्यानाची तयारी करत होती. मी एक अस्तर टाचत होतो, तोंडात टाचण्या होत्या, आणि ती नेहमीसारखी आकडे वाचत होती. कोरडे महिने, बरोबर. दमट महिने, लांब. कोरडे, बरोबर. दमट, लांब. आणि मी टाचण्यांमधून, काही विचार न करता, जसं गिऱ्हाइकाला सांगतो तसं बोलून गेलो की दोरी आटली असेल. बस्स. कापड भिजलं की आटतं, पिळाची दोरी भिजली की आखडते, गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. दोरी आखडली की तीच सावली मोजायला जास्त दोरी लागते आणि आकडा वाढतो. वाळली की पुन्हा सैल, आकडा पुन्हा जागेवर. वाचणं थांबलं. मी मान वर केली. तिचा चेहरा पाहून वाटलं, त्या टाचण्या गिळल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती उठली, पडद्याची दोरी काढली, मोजली, बादलीत बुडवली आणि स्टूल घेऊन बादलीसमोर बसली. मग पुन्हा मोजली. शंभराला तीन. नंतर तिनं पोथीचे फोटो काढले. दमट महिन्यांच्या पानांवर, नेमक्या त्याच पानांवर, ओलीचे डाग आहेत. ते डाग अक्षरांच्या आड येतात म्हणून ती तीस वर्षं चरफडत होती. हस्तलिखितांच्या खोलीचे राखणदार दर वेळी तिची माफी मागायचे. डाग भेदून खालचं अक्षर दाखवणारा एक खास दिवाही तिनं मागवला होता. म्हणजे उत्तर पानभर पसरून बसलेलं आणि आमची विदुषी ते बाजूला सारून खालचे आकडे वाचतेय. दुसरी वेधशाळा नव्हती. दुसरा खांब नव्हता. एक चौक, एक माणूस आणि एक ओली दोरी. (इतकी साधी गोष्ट हिच्यासारख्या बाईला तीस वर्षांत एकदाही कशी सुचली नाही, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. विचारलं तर ती कपाट आवरायला घेते.)

मला वाटलं, आता ही खचणार. चौतीस वर्षांचं नाव ज्या खुंटीवर टांगलेलं ती खुंटीच मी उपटली होती. मी दोन दिवस वाट्टेल ती शिवण उसवत बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता ती एकदम हसायला लागली. म्हणाली, आज तो मला पहिल्यांदा दिसला. आत्तापर्यंत मी त्याला वेधशाळा दिल्या, प्रवास दिले, नोकरचाकर दिले. आणि तो बिचारा आपल्याच चौकात दमट दोरी घेऊन उभा होता. आकडा चुकतोय हे त्याला कळत असणार, कारण आदल्या वर्षीचे आकडे त्याच्याजवळ होते. तरी त्यानं एकही आकडा गोड करून लिहिला नाही. जो आला तो लिहिला. एकोणीस वर्षं. हे सांगताना तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. दादा, मी बायकोचं कौतुक तोंडावर करत नाही, आमच्यात तशी पद्धत नाही, पण त्या सकाळी मला इतका अभिमान वाटला की चहात साखर दोनदा घातली आणि दोनदा प्यालो.

कारण तिनं तिथल्या तिथे ठरवलं की बारा तारखेच्या व्याख्यानात स्वतःचाच सिद्धांत स्वतः मोडीत काढायचा. संस्थेचे संचालक हे ऐकून आमच्या घरी धावत आले. त्यांचं खरंच अवघड झालं आहे. गौरवाचा फलक रंगवून तयार आहे, त्यावर "दुसऱ्या वेधशाळेच्या शोधकर्त्या" असं वीतभर अक्षरात लिहिलंय, स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर त्या पडक्या चौथऱ्याचा रंगीत फोटो आहे. (तो चौथरा बहुधा गुरांच्या पाण्याचा हौद असावा, असं आता ती म्हणते.) संचालकांनी हात जोडले. बाई, निवृत्त झाल्यावर सावकाश चूक काढा की, घाई काय आहे? ती म्हणाली, चूक नोकरीत असताना केली, दुरुस्तीही नोकरीतच झाली पाहिजे. संचालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काखा वर केल्या. मग जाता जाता त्यांनी हळूच विचारलं की फलकावर "दुसऱ्या" या शब्दावर कापड लावता येईल का. येईल, म्हटलं. माप द्या.

तर अशी सगळी खबर आहे. ती भ्यालेली नाही असं म्हणते. पण भाषण तिनं नऊ वेळा लिहून काढलं आहे आणि माझ्या बटणांच्या डब्यातली बटणं विनाकारण रंगांप्रमाणे लावून ठेवली आहेत. सभागृहात तीनशे माणसं असतील, त्यातल्या निम्म्यांनी दुसऱ्या वेधशाळेवर काही ना काही लिहिलेलं आहे. ती काही सांगत नाही, तुमचं नावही काढत नाही, पण एवढं मी जाणतो की तिला तुमची आठवण येते. कपाटं आता इतकी आवरून झाली आहेत की आम्हाला एकही वस्तू सापडत नाही. वहिनींना नमस्कार. कोटाचं माप विसरू नका.

आपला,
मेहुणा (शिंपी)

ता.क. माप नाही पाठवलंत तरी चालेल. कोट शिवून तयार आहे. अंदाजानं शिवला, खांदा एका बाजूला किंचित उतरता धरला आहे, त्या दुखण्याच्या मानानं. फक्त शेवटचं बसवून बघायला अंगावर घालावा लागेल, आणि तो टपालानं घालता येत नाही. बारा तारखेला सकाळी या. व्याख्यान चारला आहे. तिच्या व्याख्यानाची पहिली तळटीप मी चोरून वाचली: "ही शंका सर्वप्रथम माझ्या थोरल्या भावानं घेतली होती. मी त्याचं ऐकलं नाही." तीनशे माणसांसमोर ती हे वाचणार आहे, आणि ज्याच्याबद्दल वाचायचं तो सभागृहात नसला तर ती कुणाकडे बघून वाचेल? (दुसऱ्या तळटीपेत मी आहे. तीस वर्षांनी. "एक शिंपी" असं लिहिलंय.)

ता.क. २. आणखी एक. व्याख्यानाआधी भर दुपारी संस्थेच्या अंगणातल्या खांबाची सावली कोरड्या दोरीनं आणि मग ओल्या दोरीनं मोजून दाखवायची आहे. संस्थेनं लाल ठिपका टाकून अंतर मोजणारं नवं यंत्र देऊ केलं होतं, तिनं ते परत पाठवलं. तुमच्या वडिलांची ती जुनी पिळाची दोरी तुमच्याकडे आहे ना, बावीस हातांची? सरकारी मोजणीला ते लोखंडी साखळी न्यायचे आणि घरच्या भाजीच्या वाफ्यांना ती दोरी, आणि एक टोक तुम्ही धरायचात, एक ती, असं तिनंच मला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं. ती घेऊन या. माझ्या गुडघ्यांमुळे मला काही वाकून टोक धरवणार नाही, आणि ते धरायला माणूस तर लागतोच. तिला यातलं काही माहीत नाही. पत्र उद्या सकाळी गुपचूप टाकतो.

ता.क. ३. पत्र रात्रभर टेबलावर राहिलं. (राहिलं म्हणजे मी ठेवलं.) सकाळी पाहतो तर समासात पेन्सिल फिरलेली. तसंच पाठवतो आहे, पुन्हा लिहून काढायला वेळ नाही. "सहा वर्षं" जिथे जिथे आहे तिथे तिनं खोडून "साडेसात" केलं आहे. न्यायाधीशांचा शर्ट बादलीत भिजत नव्हता, मीच बादलीत टाकला, असं तिचं म्हणणं. "दोन्ही गुडघे" याच्यापुढे लिहिलंय: "एकच. डावा. परवा खुर्चीवर चढून माळ्यावरचा डबा काढला." म्हणजे टोक मला धरता येईल असा निष्कर्ष निघतो, पण तो तिनं काढलेला नाही. "तिला तुमची आठवण येते" या ओळीपाशी मी भिंग घेऊन बघितलं. पेन्सिल लागलेली नाही.

आणि "बावीस हातांची" याच्यापुढे समास पुरला नाही म्हणून कागद आडवा करून लिहिलंय. साडेसात वर्षांनी तिनं तुम्हाला लिहिलेलं हे पहिलं काही, म्हणून जसंच्या तसं राहू दिलंय:

"वीस हात. दोन हात तू कापलेस, कुत्र्याच्या पिल्लाच्या गळ्यात बांधायला. वाफे लहान झाले तेव्हा बाबा म्हणाले, दोरी आटली, आणि शेवटपर्यंत तेच म्हणत राहिले. मी तुझं नाव सांगितलं नाही. दोरी आटते ही मोठ्या माणसांची खुळी समजूत आहे असं तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. तेव्हा चूक निम्मी तुझी आहे, दादा. दुसरं टोक धरायला ये."